इंटरनेट नसलेल्या वर्गात ब्लॉग कसा चालवावा

शाळेत इंटरनेट नाही, एवढ्यावरून ब्लॉगचा विचार सोडून देण्याचे कारण नाही. तारखेनिशी केलेली नोंद, ती वाचणारा खरा वाचक, त्याची लेखी प्रतिक्रिया आणि तिला लेखकाने दिलेले उत्तर, हे सगळे कागदावरही जमते; इंटरनेट लागते ते मजकूर गावाबाहेर पोहोचवण्यापुरते, आणि ते काम शिक्षकाला आठवड्यातून एकदा स्वतःच्या फोनवर उरकता येते.

मुलांना आधी दोन-तीन चांगले ब्लॉग दाखवावेत. त्यासाठी रेंज असेल तिथे अँड्रॉइड फोनवरील क्रोममध्ये पान उघडून तीन टिंबांच्या मेनूतील खालच्या दिशेच्या बाणाने ते उतरवून घ्यावे. संगणकावर कंट्रोल-एस वापरून संपूर्ण पान साठवल्यास एक फाइल आणि चित्रांचा एक फोल्डर तयार होतो; पेनड्राइव्हवर नुसती फाइल नेली तर वर्गात चित्रांच्या जागी रिकामे चौकोन दिसतात. हा घोटाळा टाळायचा तर प्रिंटच्या पर्यायातून पीडीएफ करणे बरे. संदर्भासाठी किविक्स हे मोफत अॅप घ्यावे. त्यात मराठी विकिपीडिया एकदा उतरवला की पुढे इंटरनेटशिवाय वाचता येतो.

वर्गाचा स्वतःचा ब्लॉग मात्र भिंतीवर असावा. व्हरांड्यात मुलांच्या डोळ्यांच्या उंचीवर सुतळी बांधून नोंदी चिमट्यांनी लावाव्यात, नवी नोंद नेहमी डावीकडे. एका नोंदीला एकच पान पुरे. प्रत्येक पानाखाली प्रतिक्रियांच्या चिठ्ठ्यांसाठी जागा सोडावी, आणि ‘छान लिहिले आहे’ एवढेच लिहिलेली चिठ्ठी घेऊ नये, कारण तिच्यामुळे लेखकाला पुढे काहीच करता येत नाही. समजा, एखाद्या मुलीने मळ्यातल्या विहिरीवर नोंद लिहिली आणि खाली चिठ्ठी आली, ‘विहीर आटली तेव्हा बैलांना पाण्याला कुठे नेत होता?’, तर तिला घरी आजोबांना विचारावेच लागते आणि पुढची नोंद आपोआप तयार होते. माझ्या मते सारा खटाटोप या एका चिठ्ठीसाठीच आहे. जुन्या नोंदीचा उल्लेख आला की तिथे तिची तारीख लिहून खाली रेघ ओढायला सांगावे, म्हणजे दुवा (लिंक) कशाला म्हणतात हे वेगळे शिकवावे लागत नाही. आठवड्यातून एकदा परिपाठात एक नोंद लेखकानेच वाचावी.

भिंतीवरच्या निवडक नोंदी शिक्षकाने खऱ्या ब्लॉगवर टाकाव्यात. पानाचा फोटो टाकण्यापेक्षा मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे फोनच्या नेहमीच्या मराठी कीबोर्डवर, टंकलेला बरा, कारण तो शोधात सापडतो. मुलाची बोली मात्र ‘शुद्ध’ करत बसू नये. पालकांची लेखी संमती घ्यावी, आणि पूर्ण नाव, फोटो, पत्ता देऊ नये. बाहेरून आलेली प्रतिक्रिया कागदावर उतरवून, तारीख घालून, त्याच पानाखाली लावावी. मुलाने चिठ्ठीवर लिहिलेले उत्तर शिक्षकाने पुढच्या खेपेला टंकावे.