‘पर्यंत’, ‘पासून’ आणि ‘च’: इंग्रजी लिहिताना या चुका टाळा

एका परदेशी ग्राहकाला मी एकदा मेल केला होता, ‘आय विल सेंड द रिपोर्ट टिल फ्रायडे.’ शुक्रवारी रिपोर्ट गेला आणि त्याचं उत्तर आलं: रोज पाठवणार होतात ना, मग मधले दिवस काय झालं?

माझ्या डोक्यात होतं ‘शुक्रवारपर्यंत’. मराठीत हा एकच शब्द दोन कामं करतो. ‘शुक्रवारपर्यंत पाठवतो’ म्हणजे मुदत, ‘शुक्रवारपर्यंत थांबतो’ म्हणजे तोवर चालू राहणं. इंग्रजीत मुदतीला ‘बाय’ लागतं आणि चालू राहण्याला ‘टिल’ किंवा ‘अन्टिल’. व्याकरण घोकूनही अशा चुका उरतात, कारण वाक्य आधी मराठीत तयार होतं आणि तिथे ते बिनचूक असतं.

‘पासून’चंही तेच. ‘पाच वर्षांपासून पुण्यात राहतो’ याचं ‘आय लिव्ह इन पुणे सिन्स फाइव्ह इयर्स’ होतं. सिन्सला सुरुवातीचा क्षण हवा (सिन्स २०१९), कालावधीला फॉर. एवढं शाळेत शिकवलेलं असतं. क्रियापदाकडे मात्र कुणी बघत नाही. बरोबर वाक्य ‘आय हॅव लिव्ह्ड इन पुणे फॉर फाइव्ह इयर्स’.

‘मी काल मेल पाठवला आहे’ हे मराठीत निर्दोष, पण ‘आय हॅव सेंट द मेल यस्टरडे’ चूक. काल, गेल्या सोमवारी, २०२२ साली अशी सरलेली वेळ सांगितली की ‘हॅव’ गळतं: ‘आय सेंट द मेल यस्टरडे.’ ‘हॅव’ ठेवायचंच असेल तर ‘यस्टरडे’ काढा.

आपण ‘कळत नाहीये’, ‘हवंय’ सहज म्हणतो, म्हणून ‘आय ॲम नॉट अंडरस्टँडिंग’ लिहितो. कळणं, हवं असणं, मालकीचं असणं या अवस्थांना इंग्रजीत सहसा ‘इंग’ लागत नाही. ‘आय ॲम हॅविंग टू ब्रदर्स’ चूक. ‘आय ॲम हॅविंग लंच’ चालतं, कारण तिथे जेवणं ही क्रिया आहे. (भावांबद्दल तसं लिहिलं तर नरभक्षक ठराल.)

‘च’चा मोह सगळ्यात चिवट. ‘कालच आलो’चं ‘आय केम यस्टरडे ओन्ली’ करण्यापेक्षा ‘आय ओन्ली केम यस्टरडे’ लिहा. पुष्कळदा ‘ओन्ली’ गाळलं तरी काही बिघडत नाही. ‘सुद्धा’ला सरसकट ‘ईव्हन’ लावू नका. साहेबांना ‘ईव्हन यू आर इन्व्हायटेड’ लिहिलंत तर त्याचा अर्थ ‘तुमच्यासारख्यालाही बोलावलंय’ असा होतो. तिथे ‘टू’ किंवा ‘ऑल्सो’ हवं.

‘ए’ की ‘ॲन’ यासाठी आपल्याकडे एक सोपं साधन आहे: देवनागरी. नियम उच्चाराचा आहे, स्पेलिंगचा नाही, आणि देवनागरी उच्चारच लिहिते. पुढचा शब्द देवनागरीत लिहून बघा. सुरुवातीला स्वर आला तर ॲन, व्यंजन आलं तर ए. (‘इयर’ म्हणजे वर्ष मात्र फसवतं: लिहितो इ, पण इंग्रजी उच्चार य-ने सुरू होतो, म्हणून ए.) ‘अवर’ म्हणजे तास, सुरुवात अ, म्हणून ॲन. युनिव्हर्सिटीला य, म्हणून ए. ‘वन-वे’ रस्त्याला व, पुन्हा ए. एमपीएससीचा उमेदवार ए-ने सुरू होतो, म्हणून ‘ॲन’. ‘द’ला असा शॉर्टकट नाही. वाचणाऱ्याला ‘कोणता?’ असा प्रश्न पडणार नसेल तर बहुधा ‘द’, एवढं धरून चला.

अनेकवचनं झटपट उरकू. ‘माहित्या’ म्हणत नाही तसं ‘इन्फर्मेशन्स’ही नको, फसवतं ते ‘ॲडव्हाइस’, कारण आपले सल्ले मोजता येतात. ‘माझा एक मित्र’ मात्र ‘वन ऑफ माय फ्रेंड्स’, शेवटच्या ‘स’सकट. आणि ‘डिस्कस’नंतर ‘अबाउट’ नको. ‘विषयी’ त्याच्या पोटातच आहे.

शैलीत मला सर्वांत खटकतं ते ‘काइंडली डू द नीडफुल’. व्याकरणाला धक्का नाही, पण वाचणाऱ्याने नेमकं करायचं काय? सही करून फॉर्म परत पाठवायचा असेल तर तसं लिहा. उत्तर देण्यासाठी ‘रिव्हर्ट’ भारतात खपतं. बाहेर त्याचा अर्थ पूर्वस्थितीला जाणं. ‘प्रीपोन’वर उगाच हसतात. ऑक्सफर्डच्या कोशात तो शब्द आहे, खुशाल वापरा. फक्त परदेशी वाचकाला तो नवा वाटू शकतो.

स्वल्पविराम मराठीत रुजवले ते एकोणिसाव्या शतकातले इंग्रज कोशकार मेजर थॉमस कँडी यांनी, इंग्रजीच्या धर्तीवर. तरी ‘पाऊस होता, आम्ही घरीच थांबलो’ आपल्याकडे चालतं आणि इंग्रजीत नुसत्या स्वल्पविरामाने दोन पूर्ण वाक्यं जोडणं चूक धरतात. मध्ये ‘सो’ घाला किंवा पूर्णविराम द्या.

व्याकरण तपासणाऱ्या ॲपवर विसंबू नका. माझं ‘टिल फ्रायडे’ ॲपने अडवलंच असतं असं नाही, कारण ते वाक्य रचनेला बरोबर होतं. मी अजूनही पाठवण्याआधी मेलमध्ये टिल, सिन्स, ओन्ली आणि ईव्हन हे चार शब्द शोधून बघतो. गेल्या आठवड्यातही एक ‘टिल’ सापडला.