इंग्रजी मेजर घेतलंय आणि शिक्षक व्हायचंय? तयारी पहिल्या वर्षापासून करा

शोकांतिकेवर दहा पानी उत्तर लिहिता येणं वेगळं आणि मराठी माध्यमाच्या सहावीला साधा भूतकाळ शिकवणं वेगळं. बीएच्या वर्गात पहिल्याचीच सवय लागते. दुसऱ्याची वेळ थेट बीएडच्या सराव पाठात येते आणि तिथे चांगल्या गुणांचे विद्यार्थीही अडखळतात. म्हणून बीए करतानाच दोन्ही बाजू सांभाळायला हव्यात.

आधी साहित्याचं बघू. पुण्यात पुस्तकांच्या दुकानांसाठी ओळखल्या जाणाऱ्या अप्पा बळवंत चौकात प्रत्येक पेपरचं गाइड मिळतं. ते घ्यायला हरकत नाही, पण मूळ पुस्तक वाचून झाल्यावरच उघडा. आधी गाइड वाचलं की त्यातली वाक्यं डोक्यात बसतात, आणि तोंडी परीक्षेत एखाद्या ओळीवर प्रश्न आला की काही सुचत नाही. अडीचशे पानांची कादंबरी रोज पंधरा पानं वाचली तर सतरा दिवसांत संपते. पहिल्या वाचनात शब्दकोश बाजूला ठेवा. ज्या शब्दावाचून पुढे जाताच येत नाही, तेवढ्याच शब्दाखाली रेघ मारा. दुसऱ्या वाचनात ते शब्द लर्नर्स डिक्शनरीत (भाषा शिकणाऱ्यांसाठी सोप्या इंग्रजीत अर्थ देणाऱ्या कोशात) बघा आणि वहीत नुसता मराठी अर्थ न लिहिता अख्खं वाक्य उतरवा. शब्द कोणत्या शब्दांसोबत येतो हे वाक्यातूनच कळतं. कविता मात्र आधी मोठ्यानं वाचायची, तीही दोनदा. पुढे वर्गात ती तुम्हालाच वाचून दाखवायची आहे.

आता भाषेकडे. आपल्या इंग्रजीतल्या बऱ्याच चुका मराठीच्या सवयीतून येतात आणि त्या ठरावीक आहेत. ‘दोन वर्षांपासून पुण्यात राहतोय’ यातला ‘पासून’ मराठीत सुरुवातीलाही चालतो आणि कालावधीलाही. म्हणून ‘आय ॲम लिव्हिंग इन पुणे सिन्स टू इयर्स’ तोंडात येतं. इंग्रजीत कालावधीला ‘फॉर’ लागतो आणि क्रियापदही बदलतं: ‘आय हॅव बीन लिव्हिंग इन पुणे फॉर टू इयर्स’. मराठीत प्रश्न विचारताना शब्दांचा क्रम फारसा हलत नाही, त्यामुळे ‘व्हाय यू आर लेट?’ निघतं. ‘डिस्कस’नंतर ‘अबाउट’ चिकटतो, कारण आपण एखाद्या गोष्टीविषयी चर्चा करतो. ‘ए’, ‘ॲन’, ‘द’ गळतात, कारण मराठीत तशी शब्दयोजनाच नाही. स्वतःच्या निबंधांतून अशा चुका गोळा करा आणि प्रत्येकीपुढे ती का झाली ते एका मराठी ओळीत लिहा. तुमचे भावी विद्यार्थी याच चुका करणार आहेत, त्यामुळे ही वही नोकरीतही उपयोगी पडेल.

उच्चारांवर कॉलेजात फार वेळ दिला जात नाही, तो तुम्ही द्या. आपण ‘व्हेरी’ लिहितो आणि वाचताना ‘व’ला ‘ह’चा श्वास जोडतो. खरा आवाज वरचे दात खालच्या ओठाला टेकवून येतो, त्यात ‘ह’ नाही. ‘वेट’, ‘वाइन’ म्हणताना उलट ओठ गोल होतात आणि दात लागत नाहीत. आरसा समोर धरून दोन्ही आवाज पाच-पाच वेळा काढा, फरक डोळ्यांना दिसेल. भूतकाळी क्रियापदाच्या शेवटचं ‘एड’ सगळीकडे वाजत नाही. ‘वॉक’चं ‘वॉक्ट’ होतं, ‘प्ले’चं ‘प्लेड’. ‘वॉन्टेड’सारखा वेगळा अवयव (सिलॅबल) फक्त ‘ट’ किंवा ‘ड’ने संपणाऱ्या क्रियापदांना लागतो. मग आघात, म्हणजे शब्दातला जोर. ‘होटेल’ आणि ‘डेव्हलप’मध्ये जोर दुसऱ्या अवयवावर असतो, ‘फोटोग्राफ’मध्ये पहिल्यावर, ‘फोटोग्राफी’मध्ये दुसऱ्यावर. रोज इंग्रजी बातम्यांतला एक मिनिटाचा तुकडा ऐका, तोच वाचून फोनवर रेकॉर्ड करा आणि दोन्ही लागोपाठ ऐका. परदेशी ढब आणायची नाही. मागच्या बाकावरच्या मुलाला शब्द स्वच्छ कळला पाहिजे, एवढंच.

परीक्षांचं गणित लवकर समजून घ्या, कारण विषय त्यावर निवडावे लागतात. बीएडला राज्याची सीईटी, म्हणजे प्रवेश परीक्षा द्यावी लागते. इंग्रजी माध्यमाचं बीएड हवं असेल तर सोबत ईएलसीटी ही इंग्रजीची चाचणी. पदवीला खुल्या गटासाठी ५० टक्के लागतात. बीएडला इंग्रजीबरोबर दुसरी अध्यापन पद्धतीही घ्यावी लागते, म्हणून पदवीला इतिहास, भूगोल किंवा मराठी जोडून ठेवलेलं बरं. पहिली ते आठवीला शिकवायचं तर टीईटी, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा हवी. सहावी ते आठवीचा पेपर दोन १५० गुणांचा, त्यात इंग्रजी केवळ ३० गुणांना, आणि कला शाखेवाल्यांचं सामाजिक शास्त्र ६० गुणांना. खुल्या गटाला ९० गुणांशिवाय पास नाही. इंग्रजी पक्कं आहे या भरवशावर सामाजिक शास्त्र सोडणाऱ्यांचा निकाल इथेच अडकतो. ‘पवित्र’ या राज्याच्या पोर्टलवरून होणाऱ्या शिक्षक भरतीसाठी २०० गुणांची टेट (अभियोग्यता आणि बुद्धिमत्ता चाचणी) वेगळी असते, तिला वेळ दोन तास. वरिष्ठ महाविद्यालयात शिकवायचं तर एमएला ५५ टक्के आणि नेट (राष्ट्रीय) किंवा सेट (राज्याची) ही पात्रता परीक्षा. महाराष्ट्राची सेट सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठच घेतं. नियम बदलत राहतात, म्हणून दर वर्षीची माहितीपुस्तिका स्वतः वाचा.

शिकवण्याचा सराव मात्र बीएडची वाट बघत ठेवू नका. बालभारतीची पाठ्यपुस्तकं त्यांच्या संकेतस्थळावर मोफत आहेत. सहावीच्या इंग्रजीतला एक पाठ घ्या आणि ३५ मिनिटांचं टाचण काढा. समजा विषय साधा भूतकाळ. पहिली पाच मिनिटं काल काय केलं यावर गप्पा. पुढच्या आठ मिनिटांत फळ्यावर चार क्रियापदं, प्रत्येकाचं आजचं आणि कालचं रूप. मग पंधरा मिनिटं जोड्यांमध्ये प्रश्नोत्तरं, मुलं बोलणार आणि तुम्ही बाकांमधून फिरून ऐकणार. पाच मिनिटं तपासणी, उरलेल्या दोन मिनिटांत गृहपाठ. नवा शिक्षक नियम समजावण्यातच वीस मिनिटं घालवतो आणि मुलांच्या वाट्याला बोलणं येतच नाही. बीएडच्या सराव पाठात मार्गदर्शकांचे बहुतेक शेरे यावरच असतात.

सूचना आठ शब्दांच्या आत द्या आणि सांगण्याआधी एका मुलासोबत करून दाखवा. ‘अंडरस्टूड?’ विचारलं की अख्खा वर्ग ‘येस टीचर’ म्हणतो आणि त्यातून काहीच कळत नाही. त्याऐवजी तपासणारा प्रश्न विचारा: ‘ही प्लेज’ की ‘ही प्लेड’, काल कोणतं? एकाच मुलाकडून उत्तर घ्या. अडलेल्या जागी एक वाक्य मराठीत सांगायला काहीच हरकत नाही, पण प्रत्येक इंग्रजी वाक्यामागे भाषांतर जोडलं की मुलं इंग्रजी ऐकायचं सोडून देतात आणि मराठीची वाट बघत बसतात.

फळ्याचे तीन भाग करा. डावीकडचे नवे शब्द तास संपेपर्यंत पुसायचे नाहीत. मधे पाठ, उजवीकडे कच्चं काम. लिहून झाल्यावर शेवटच्या बाकापर्यंत चालत जा आणि तिथून वाचून बघा. लिहिताना वर्गाकडे पूर्ण पाठ करू नका, थोडं तिरकं उभं राहा.

मित्रांसमोर असे सहा मिनिटांचे तुकडे घ्या. बीएडच्या सूक्ष्म अध्यापनातही (छोट्या पाठांतून एकेका कौशल्याचा सराव) पाठ साधारण सहा मिनिटांचाच असतो, मग सहा मिनिटं अभिप्राय, बारा मिनिटं नवं नियोजन, परत सहा मिनिटं पाठ आणि शेवटी सहा मिनिटं अभिप्राय. एका वेळी एकच कौशल्य घ्या: आज प्रश्न विचारणं, उद्या फलक लेखन. अभिप्राय देणाऱ्यानं ‘छान झालं’ म्हणू नये. किती मुलं बोलली आणि तुम्ही उत्तराला किती सेकंद थांबलात, हे लिहून द्यावं. पहिले काही पाठ घेताना प्रश्नानंतर शिक्षक स्वतःच उत्तर देऊन मोकळा होतो. मनात तीनपर्यंत मोजा.

शेजारच्या एखाद्या मुलाची शिकवणी मिळाली तर जरूर घ्या. त्याची वही तपासताना सगळ्या चुका लाल करू नका. पुन्हा पुन्हा येणाऱ्या दोन-तीन निवडा आणि पुढच्या दिवसाची पहिली पाच मिनिटं त्यांच्यावर घालवा.