खळ्यात डबल सिनेमा लावताना जुना सिनेमा दुसरा ठेवा

दोन जुने भयपट एकामागून एक लावायचे म्हटले की बहुतेक मित्रमंडळी सालानुसार क्रम लावतात. उघड्या खळ्यात तो क्रम फसतो.

समजा विषय आहे शापित हवेली. ‘बीस साल बाद’ (१९६२) कृष्णधवल, सगळा खेळ सावल्यांचा. ‘पुराना मंदिर’ (१९८४) रंगीत आणि दणदणीत. मे महिन्यात रत्नागिरीकडे सूर्य सातच्या सुमारास मावळतो, पण आभाळ लगेच काळं होत नाही. त्या उजेडात कृष्णधवल सावल्या पडद्यावर पार धुऊन जातात. रंगीत चित्र बऱ्यापैकी टिकतं. शिवाय रात्री दहानंतर उघड्यावर लाऊडस्पीकरला बंदी. म्हणून:

१. साडेसातला रंगीत, मोठ्या आवाजाचा सिनेमा.
२. मध्ये अर्धा तास जेवण. निवांत जेवू दिलं नाही तर दुसऱ्या सिनेमाला माणसं पेंगतात.
३. मग कृष्णधवल, लाऊडस्पीकरवर नाही, घरगुती छोट्या स्पीकरवर हळू आवाजात. हा स्पीकर पडद्याजवळ न ठेवता प्रेक्षकांच्या मधोमध ठेवा, म्हणजे समुद्राच्या गाजेतही संवाद कळतात आणि शेजारी झोपू शकतात. स्पीकर वायरनेच जोडा. ब्लूटूथवर ओठ आधी हलतात, शब्द मागून येतो.

चादरीच्या खालच्या काठाला नेफा शिवून त्यात बांबू घाला, नाहीतर खाऱ्या वाऱ्यावर हवेली सतत हलत राहते. जुन्या चित्राची चौकट जवळपास चौकोनी असते, ती ताणून पडदाभर करू नका.

एक सांभाळा: हा रंगीत सिनेमा लहान मुलांसाठी नाही. वाडीतली पोरं असतील तर त्या जागी दुसरा निवडा.