पीटीवायवरचं रीड लटकतं तेव्हा

चाइल्ड प्रोसेसचं, म्हणजे आपल्या (पॅरेंट) प्रोग्रॅमने सुरू केलेल्या दुसऱ्या प्रोग्रॅमचं, आउटपुट पाइपमधून घेतलं की ते बरेचदा ओळीओळीने न येता शेवटी एकदम येतं. समोर टर्मिनल नाही हे पाहून सी लायब्ररी बफर भरेपर्यंत थांबते. यावर उपाय पीटीवायचा, म्हणजे सॉफ्टवेअरमधल्या आभासी टर्मिनलचा. पायथनचं 'ओपनपीटीवाय' मास्टर (आपण वाचतो ती बाजू) आणि स्लेव्ह (चाइल्डला टर्मिनल वाटते ती बाजू) असे दोन फाइल डिस्क्रिप्टर देतं. स्लेव्ह चाइल्डच्या स्टँडर्ड इनपुट, आउटपुट आणि एररला जोडा, आणि चाइल्ड सुरू होताच पॅरेंटमधली स्लेव्हची प्रत बंद करा. ती उघडी राहिली तर चाइल्ड संपल्यावरही मास्टरवरचं रीड लटकून राहतं. गोची बहुतेक वेळा इथेच असते.

लिनक्सवर आणखी एक गंमत आहे. स्लेव्हची शेवटची प्रत मिटली की रीड रिकामे बाइट देत नाही, ईआयओ म्हणजे एरर क्रमांक 5 देतं. तो पकडा आणि आउटपुट संपलं असं धरा. आधी वेट (चाइल्ड संपायची वाट बघणं) आणि मग रीड, हा क्रम मात्र नको: आउटपुट मोठं असेल तर बफर भरतो, चाइल्ड लिहिताना अडतो आणि दोघेही एकमेकांची वाट बघत बसतात. मास्टर रिकामा करा, मगच वेट. आणि न्यूलाइनआधी कॅरेज रिटर्न दिसला, तर तो ओएनएलसीआर या टर्मिनल सेटिंगचा प्रताप. नको असेल तर टर्मिऑस या टर्मिनल सेटिंग बदलणाऱ्या मॉड्यूलमधून बंद करा.