वाड्यात गॉथिक लूक, पण भुताटकी नको

गॉथिक (युरोपातली जुनी बांधकामाची शैली) म्हटलं की लोकांना कवट्या न वटवाघळं आठवतात, ते सोडा. खरी गंमत टोकदार कमानीत आहे, मुंबईचं सीएसएमटी बघितलंय ना, तसलं. साताऱ्यात जुन्या वाड्यात राहत असाल तर निम्मं काम झालेलंच आहे, सागवानी खांबांना पॉलिश मारा, कोनाड्यात पितळी समई ठेवा आणि मागे जुना आरसा टेकवा, उजेड लगेच वाढल्यासारखा वाटतो. काळा रंग एकाच भिंतीला, तोही मॅट, बाकी वांगी नाहीतर मरून. बल्ब २७०० केल्विनचे, म्हणजे पिवळसर उजेडाचे घ्या, पांढरी ट्यूब लावली की झालंच हॉस्पिटल! मखमली पडदे भारी दिसतात पण आपल्या पावसात बुरशी धरतात (माझी एक जोडी गेली अशीच), म्हणून मे संपायच्या आत उन्हं दाखवून गुंडाळून ठेवा.