ऑर्ग मोडमध्ये दुसऱ्या टेबलातला आकडा आणताय? या चुका टाळा

कापसाचा हंगाम सुरू झाला की माझ्या फोनवर एकाच जातीचे स्क्रीनशॉट यायला लागतात. चोपडा, यावल, पारोळा, कुठून तरी कुणीतरी ईमॅक्स या टेक्स्ट एडिटरच्या ऑर्ग फाइलीत (ऑर्ग मोड म्हणजे त्यातली नोंदी आणि हिशोबाची टेबलं ठेवायची सोय) खरेदीचा हिशोब मांडलेला असतो. एका टेबलात भाव, दुसऱ्यात आवक, आणि खाली प्रश्न: "भाऊ, फॉर्म्युला बरोबर आहे, पण रक्कम चुकतेय." फॉर्म्युला बरोबर नसतो. तीच ती उत्तरं टाइप करून कंटाळलो, म्हणून हे एकदाच लिहून ठेवतोय.

(फॉर्म्युले इथे वाचायला सोपे जावेत म्हणून देवनागरीत दिलेत. फाइलीत ते रोमन अक्षरांत आणि इंग्रजी आकड्यांतच टाका.)

सगळ्यात महागडी चूक ओळीच्या नंबराची. दुसऱ्या टेबलातला सेल आणायला ऑर्गमध्ये रिमोट नावाचं फंक्शन आहे. भावाच्या टेबलावर #+नेम: भाव अशी ओळ लिहायची आणि आवकेच्या टेबलाखालच्या फॉर्म्युल्यात रिमोट(भाव, @३$२) म्हणायचं, म्हणजे 'भाव' टेबलातली तिसरी ओळ, दुसरा कॉलम. आडवी रेघ ओळ म्हणून मोजली जात नाही, शीर्षकाची ओळ मात्र मोजली जाते. इथवर सगळ्यांना जमतं.

एका शेतकरी गटाचा हिशोब असाच होता. २०२५-२६ च्या हमीभावानं व्यवहार ठरलेला. भावाच्या टेबलात शीर्षकाखाली मध्यम धागा ७७१०, त्याखाली लांब धागा ८११०. लांब धाग्याच्या आवकेला @३$२ लावलेलं, पट्ट्या (शेतकऱ्याला द्यायच्या हिशोबाच्या पावत्या) बिनबोभाट निघत होत्या. मग फरदड, म्हणजे हंगामानंतरही ठेवलेल्या झाडांचा कापूस, यायला लागली. हिशोब सांभाळणाऱ्या पोरानं भावाच्या टेबलात शीर्षकाखालीच फरदडीची नवी ओळ घातली. मध्यम धागा सरकून तिसऱ्या ओळीत आला आणि लांब धाग्याचा सगळा माल ७७१० नं लागायला लागला. कुठे एरर नाही, लाल अक्षर नाही. क्विंटलमागे ४०० रुपयांचा फरक, आणि ७७१० हा आकडा कापसाच्या पट्टीवर कुणालाच खटकत नाही. शेवटी बारा क्विंटल घातलेला एक म्हातारा पट्टी घेऊन आला. त्याचे ४८०० कमी होते, आणि त्यानं ते दारात उभ्यानं तोंडी मोजून दाखवले.

पोराचा युक्तिवाद असा, की ऑल्ट-शिफ्ट-खालचा बाण दाबून ओळ घातली तर ऑर्ग फॉर्म्युले आपोआप दुरुस्त करतं. करतं, पण त्याच टेबलाचे. दुसऱ्या टेबलात बसलेल्या रिमोटला ते हात लावत नाही. हे मॅन्युअल शांतपणे वाचलं तर कळतं, पण मॅन्युअल वाचायला वेळ कुणाला आहे? व्हिडिओतून फॉर्म्युला उचलायचा आणि चिकटवायचा.

माझी सवय: भाव कधीच ओळीच्या नंबरानं आणायचा नाही, नावानं शोधायचा. आवकेच्या टेबलात तारीख, वाण, क्विंटल, भाव, रक्कम असे पाच कॉलम. चौथ्या कॉलमला:

$४='(ऑर्ग-लुकअप-फर्स्ट $२ '(रिमोट(भाव,@२$१..@>$१)) '(रिमोट(भाव,@२$२..@>$२)));ई

आणि पाचव्याला साधं $५=$३*$४. @> म्हणजे शेवटची ओळ, त्यामुळे भावाच्या टेबलात वरखाली कितीही ओळी घाला. वाणाचं नाव दोन्हीकडे तंतोतंत सारखं हवं. कुणी 'लांबधागा' जोडून लिहिलं तर भाव सापडणारच नाही, पण तो घोळ निदान लगेच दिसतो. भाव आणि रक्कम एकाच फॉर्म्युल्यात कोंबू नका. भाव वेगळ्या कॉलमात डोळ्यांसमोर असला की पट्टी छापण्याआधी नजर फिरवता येते.

शेवटचा ;ई विसरू नका. रेंजमधले रिकामे सेल ऑर्ग एरवी गाळून टाकतं. फरदडीचा भाव अजून ठरला नाही म्हणून तो सेल कोरा ठेवलात, तर नावं तीन आणि भाव दोनच उरतात, आणि खालचा भाव वर सरकतो. म्हणजे वरचीच गोष्ट पुन्हा, वेगळ्या वाटेनं.

दुसरा माझा खास राग एकाच नावाच्या दोन टेबलांवर. नवा हंगाम आला की मागच्या वर्षीचं भावाचं टेबल कॉपी करायचं, खाली चिकटवायचं आणि आकडे बदलायचे. त्यासोबत #+नेम: भाव ही ओळही येते. रिमोट फाइलीच्या सुरुवातीपासून शोधत जातं आणि पहिलं सापडेल तेच धरतं. म्हणजे तुम्ही खाली ८११० लिहून निश्चिंत, आणि हिशोब २०२४-२५ च्या ७५२१ नं चाललेला. मी प्रत्येक नावाला वर्ष जोडतो: भाव_२०२५. नाव चुकीचं टाइप झालं तर रिमोट टेबल सापडत नाही असा एरर येतो, आणि तो आलेला बरा. नावात स्पेस आणि स्वल्पविराम मी ठेवत नाही.

भागाकाराचं एक. भाव क्विंटलचा आणि वजन किलोत असलं की सगळे भाव/१००*किलो लिहितात. ऑर्गचे हे हिशोब ईमॅक्समधला कॅल्क नावाचा कॅल्क्युलेटर करतो, आणि कॅल्कमध्ये गुणाकार भागाकाराच्या आधी होतो. ८११०/१००*८५० चं उत्तर ६८९३५ यायला हवं, तिथे ०.०९५ येतं, कारण ते ८११०/(१००*८५०) असं वाचलं जातं. कंस घाला: (८११०/१००)*८५०.

सेलमध्ये मराठी आकडे टाइप करू नका. दिसायला छान दिसतात, पण कॅल्क त्यांना आकडा मानत नाही. हजार-लाखाचे स्वल्पविरामही नकोत.

रिमोट दुसऱ्या टेबलात आत्ता जे लिहिलेलं दिसतं तेवढंच उचलतं, त्या टेबलाचा हिशोब आधी करून घेत नाही. त्यामुळे आवकेत वजन बदललं आणि थेट खालच्या गोषवाऱ्याच्या (बेरजांच्या टेबलाच्या) फॉर्म्युल्याच्या ओळीवर जाऊन हिशोब पुन्हा करायला कंट्रोल-सी कंट्रोल-सी दाबलं, तर जुनीच बेरीज येते. म्हणून मी भाव सगळ्यात वर, मग आवक, मग गोषवारा असा क्रम ठेवतो आणि पट्टी काढण्याआधी ऑर्ग-टेबल-रिकॅल्क्युलेट-बफर-टेबल्स ही कमांड चालवतो. ते फाइलीतली सगळी टेबलं वरून खाली मोजत येतं. "दोनदा दाबलं की बरोबर येतं" असं अभिमानानं सांगणारे मला भेटलेत. त्यांच्या फाइलीत क्रम उलटा असतो.

सापेक्ष पत्ता, म्हणजे @-१ वगैरे, रिमोटच्या आत चालवायला जाऊ नका. तिथे पक्का पत्ता किंवा नाव दिलेला सेलच द्यायचा.

दुसऱ्या फाइलीतलं टेबल हवं असेल तर #+नेम: चा उपयोग नाही, ते टेबल ज्या मथळ्याखाली आहे त्याला आयडी द्यावा लागतो आणि रिमोटमध्ये तो लिहावा लागतो. मग त्या मथळ्याखालचं पहिलं टेबल घेतलं जातं. त्याच्या वर कुणी छोटंसं चहापाण्याच्या खर्चाचं टेबल टाकलं, की काय होईल ते तुम्हीच बघा.

आणि स्क्रीनशॉट पाठवण्याआधी दोन गोष्टी करा. कंट्रोल-सी आणि } दाबा, प्रत्येक ओळीचा आणि कॉलमचा नंबर दिसायला लागेल. मग कंट्रोल-सी आणि { दाबून त्या सेलचा हिशोब पुन्हा करा, रिमोटच्या जागी नेमका कोणता आकडा आला ते पायरीपायरीनं दिसेल. एवढं करूनही अडलं तर फोटो नको, फाइलच पाठवा. फोटोत फॉर्म्युल्याची ओळ नेहमी कापलेली असते.