फाशांच्या प्लगइनला आधी लगाम घाला

ऑनलाइन खेळाच्या चॅटमध्ये आदेश लिहिला की फासे टाकून बेरीज सांगणारा छोटा जोड-प्रोग्राम म्हणजे फाशांचं प्लगइन. खेळ रंगात आलेला असतो आणि कुणीतरी गंमत म्हणून चॅटमध्ये दहा लाख फासे टाकायला सांगतं. प्लगइन बिचारं मोजत बसतं, सगळ्यांची स्क्रीन गोठते.

१. आदेश वाचल्यावर, फासे टाकण्याआधीच दोन आकडे तपासा: फासे १ ते १००, प्रत्येक फाशाच्या बाजू २ ते १०००. बाहेर गेलं की एका ओळीत नकार.

२. यादृच्छिक आकडा देणारं फंक्शन वेगळं ठेवा. चाचणीपुरतं त्याच्या जागी ठरावीक ३, ५, ६ देणारं बसवा. बेरीज चुकली तर लगेच कळतं. नाहीतर हवा तो आकडा पडेपर्यंत फासे टाकत बसायचं. मी बसलोय.

एक जपा: प्लगइनने स्वतःचाच मेसेज आदेश म्हणून वाचू नये. उत्तरात मूळ आदेश जसाच्या तसा छापलात, तर ते स्वतःलाच उत्तरं देत सुटतं.